आफ्रिकी कंदफुलांची नावं तपासताना: क्यूची ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’

मे-जूनमध्ये लाल चेंडू फुलवणारी फुटबॉल लिली रोपवाटिकांत अजून ‘हिमॅन्थस’ म्हणून विकली जाते. अशी शिळी नावं सोडवायला लंडनमधल्या क्यूच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्सची ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही मोफत सेवा (२०१७ पासून) सर्वांत भरवशाची आहे.

लेबलावरचं नाव टाकलं की ते स्वीकृत आहे की पर्यायी, हे लगेच कळतं. ‘हिमॅन्थस मल्टिफ्लोरस’ टाका, ‘स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस’ मिळेल. १९७६ मध्ये फ्रीस आणि नॉर्डाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिमॅन्थस आणि स्कॅडॉक्सस या दोन प्रजाती (जीनस) पुन्हा वेगळ्या केल्या. पातळ, मधली शीर ठळक असलेली, देठाची पानं स्कॅडॉक्ससची. जाड, मांसल, मधली शीर नसलेली हिमॅन्थसची. आपला कोळकांदाही इथे ‘अर्जिनिया’ऐवजी ‘ड्रिमिया इंडिका’ म्हणून भेटतो. होमेरिया आणि गॅलॅक्सिया या जुन्या प्रजाती आता मोरिया या प्रजातीत गेल्या आहेत. नावापुढचं लेखकाचं संक्षिप्त नावही उतरवून घ्या, कारण एकच नाव दोघांनी दोन वेगळ्या झाडांना दिलेलं असू शकतं.

मात्र ही सेवा नाव तपासते, झाड ओळखत नाही. बाजारातल्या ‘अमॅरिलिस’च्या लेबलावरून ‘अमॅरिलिस बेलाडोना’ शोधलंत, तर दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या झाडाचं पान निमूट उघडेल. कुंडीत बहुधा दक्षिण अमेरिकेचं हिपिअॅस्ट्रम असतं. फुलाचा दांडा आडवा कापा: पोकळ निघाला तर हिपिअॅस्ट्रम, भरीव निघाला तर अमॅरिलिस.

नकाशाची उणीव मला जास्त खटकते. मूळ प्रदेश हिरवा दिसतो, पण झाड नैर्ऋत्य टोकापुरतं असलं तरी ‘केप प्रॉव्हिन्सेस’ हा सगळा पट्टा रंगतो. त्या पट्ट्याच्या पश्चिम भागात हिवाळी पाऊस पडतो, पूर्व भागात उन्हाळी. स्पॅरॅक्सिस आणि बहुतेक लॅकेनालिया या कंदफुलांच्या प्रजाती पश्चिमेकडच्या. आपल्या पावसाळ्यात त्या सुप्त असतात आणि ओल्या मातीत कुजतात. त्यांच्या कुंड्या जून ते सप्टेंबर छपराखाली कोरड्या ठेवाव्या लागतात. हे या नकाशावरून कळत नाही. झाडाच्या मूळ जागी पाऊस कोणत्या हंगामात पडतो, हे वेगळं शोधावं लागतं.

प्रजातींच्या सीमांबद्दल तज्ज्ञांत मतभेद असतात आणि इथे त्यातलं एकच मत दिसतं. म्हणून लेबलावर नाव, लेखक आणि तपासल्याची तारीख पेन्सिलीने लिहा. शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. जुनं नाव खोडू नका, कंसात ठेवा. बियाणं अजून त्याच नावाने येतं.