वाढीव फिल्टर कपॅसिटर बसवल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

माझा ॲम्प्लिफायर क्लास एबी प्रकारचा (लहरीचा वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरकडून हाताळणारा), ८ ओहमला ५० वॅट देणारा आणि साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा आहे. त्याच्या पॉवर सप्लायमधील दोन्ही ३५ व्होल्टच्या रेलवरचे (रेल म्हणजे सर्किटला वीज पुरवणारी धन किंवा ऋण वाहिनी) १०,००० मायक्रोफॅरडचे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे विजेचा साठा करून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग, काढून मी २२,००० मायक्रोफॅरडचे बसवले, मूळ ऑडिओ सर्किटला हात लावला नाही, आणि तेव्हापासून तो ४ ओहमच्या स्पीकरवर रोज ऐकत आहे.

कमी आवाजात मला काडीचाही फरक जाणवला नाही आणि तसा तो जाणवायला नकोच होता. चांगल्या रचनेचा ॲम्प्लिफायर रेलवरील चढउतार आउटपुटपर्यंत फारसा पोहोचू देत नाही. रेल खचून लहरीचे शिखर छाटले जाऊ लागते, तेव्हाच साठा कमी पडल्याचे ऐकू येते.

पखवाजाची भरदार थाप मोठ्या आवाजात ऐकताना मात्र फरक स्पष्ट आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) दर १० मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरतो आणि मधल्या काळात सगळा भार कपॅसिटरवरच असतो. एका रेलवरून सरासरी ४ अँपिअर प्रवाह ओढला गेला, तर १०,००० मायक्रोफॅरडवर व्होल्टेज सुमारे ४ व्होल्टनी उतरते, २२,००० वर १.८ व्होल्टनी. ३५ चे ३१ झाले आणि त्यातून आउटपुट ट्रान्झिस्टरना लागणारे दोन-तीन व्होल्ट वजा केले, की हाती उरते ते ८ ओहमवरच्या ५० वॅटच्या शिखराला जेमतेम पुरणारे. खर्जात ताण आणखी वाढतो, कारण ३० हर्ट्झच्या लहरीचा अर्धा भाग जवळपास १७ मिलिसेकंद चालतो आणि तेवढा वेळ एकच रेल राबत असते. व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर रेलच्या चढउताराचे करवतीसारखे दाते पूर्वीच्या निम्म्याहून कमी उंचीचे झालेले दिसले, तेव्हा कानांना जाणवलेल्या गोष्टीला आधार मिळाला.

साठ्याचे आकडे वाचताना मात्र सावध राहावे. ३५ व्होल्टला १०,००० मायक्रोफॅरडमध्ये ६.१ ज्यूल ऊर्जा असते, पण व्होल्टेज ३१ पर्यंतच उतरू द्यायचे असेल, तर त्यातली जेमतेम १.३ ज्यूल कामी येते. शिवाय सलग जोरकस स्वर सुरू राहिला की कपॅसिटर कितीही मोठा असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधील रोधामुळे सरासरी व्होल्टेज खाली येतेच. म्हणून ट्रान्सफॉर्मर मुळातच लहान असेल, तर आधी तो बदलावा, असे माझे ठाम मत आहे.

या बदलाची किंमतही मोजावी लागते. रिकामे मोठे कपॅसिटर सुरुवातीला इतका प्रवाह ओढतात, की फ्यूज उडू लागला. शेवटी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (घरातील वीज येते त्या बाजूला) रेझिस्टर आणि काही क्षणांनी तो वगळणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घालावा लागला. भरण्याचे झटके अधिक अरुंद व उंच होत असल्याने ब्रिज जास्त तापतो आणि हे झटके सिग्नलच्या ग्राउंडमधून (शून्य व्होल्टच्या समाईक वायरीतून) गेले तर गुणगुण वाढते. त्यासाठी ब्रिजपासून दोन्ही कपॅसिटरच्या मधल्या जोडापर्यंतची वायर वेगळी ठेवून त्या जोडापासून पुढे स्टार ग्राउंड (सगळ्या ग्राउंड वायर एकाच बिंदूला जोडणे) घेतले, तेव्हा स्पीकरजवळ कान नेऊनही शांतता मिळाली. वीज बंद केल्यावर हे कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात, म्हणून प्रत्येकाला समांतर ब्लीडर रेझिस्टर (साठलेली वीज हळूहळू रिकामी करणारा) लावला आहे, आणि तरीही झाकण उघडल्यावर मल्टीमीटरने दोन्ही रेल तपासल्याशिवाय मी आत हात घालत नाही.