व्यक्तिमत्त्व आणि ओळखीचा अभ्यास : मानसशास्त्र, समाजशास्त्र की इतिहास?

बदलत्या समाजात माणसाचे व्यक्तिमत्त्व आणि ओळख कशी घडते, या विषयावर मराठवाड्यात राहून शोधप्रबंध लिहू इच्छिणाऱ्यापुढे मुख्यतः तीन विद्याशाखा असतात. विषय एकच असला तरी प्रत्येक शाखेची काळाकडे पाहण्याची रीत वेगळी आहे आणि निवड करताना नेमका हाच मुद्दा मागे पडतो. म्हणून बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांतून शिकून पुढे आलेले तरुण हा एकच अभ्यासगट तिन्हींपुढे ठेवून पाहू.

मानसशास्त्राचे बळ तुलनेत आहे. व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य घटक मोजणाऱ्या पंचघटक चाचणीमुळे बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता यांसारखे गुण मोजता येतात, तर मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या ओळखीविषयीच्या मांडणीवरून जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली सांगितलेल्या चार अवस्थांच्या आधारे तरुणाने आपली ओळख स्वतः शोधली की घरच्यांकडून जशीच्या तशी स्वीकारली, हे तपासता येते. मात्र मार्सिया यांचा अभ्यास अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलांचा होता; आणि बोलिव्हियातील त्सिमाने या शेती व शिकारीवर जगणाऱ्या समाजात पाच घटकांची रचना नीट आढळत नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्याहून मोठी अडचण अशी की, प्रश्नावली एकदाच भरून घेतली तर मुलगा आणि बाप यांच्यातील फरक वयाचा की बदललेल्या काळाचा, हे सांगता येत नाही. त्याच व्यक्तींकडे काही वर्षांनी पुन्हा जाण्याची सोय नसेल, तर प्रबंधाच्या शीर्षकात ‘परिवर्तन’ हा शब्द न घातलेलाच बरा.

समाजशास्त्राला ओळख माणसाच्या मनात जितकी दिसते, तितकीच इतरांनी केलेल्या मोजणीतही दिसते. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला. तिलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि त्या हिशेबात बाईची मजुरी वेगळी धरली जात नाही. अशा घरातली मुलगी नर्सिंग करून छत्रपती संभाजीनगरला नोकरीला लागते, तेव्हा तिच्या नावावर स्वतंत्र पगार जमा होणे ही ओळखीच्या दृष्टीने केवढी घटना असते, हे गुणांकाच्या तक्त्यात उमटणे कठीण आहे. त्यासाठी जीवनवृत्तांत ऐकावे लागतात, तिच्या आईचा आणि जमल्यास मुकादमाचाही. अर्थात, सांगणारा भूतकाळ आजच्या सोयीने रचतो. पण माणूस स्वतःची गोष्ट कशी रचतो, हाही इथे अभ्यासाचाच विषय असल्याने मला हा दोष फारसा जाचक वाटत नाही. नमुना लहान राहतो आणि निष्कर्ष सर्वांना लावता येत नाहीत, ही मर्यादा मात्र खरी.

इतिहासाकडे काळ भरपूर असतो, पण माणसाचा आवाज क्वचितच असतो. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय संघराज्याच्या ताब्यात आले. त्याआधीच्या अनेक नोंदी उर्दूत, काही मोडीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने निजामकालीन दस्तऐवजांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा जुन्या कागदातील एक शब्द आजच्या ओळखीवर किती परिणाम करू शकतो, हे साऱ्या मराठवाड्याने पाहिले. नोंद करणाऱ्याने तो शब्द का निवडला, हा प्रश्न इतिहासकाराचा आहे. आपल्या ऊसतोड गटासाठी मात्र अशा दप्तरातून फारसे हाती लागणार नाही. साहित्याच्या अभ्यासकाकडे दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचा मोठा ठेवा आहे, परंतु ती लेखक झालेल्यांची कथने आहेत.

माझा कल स्पष्टपणे समाजशास्त्राकडे आहे, त्याला मानसशास्त्रातील, ओळखीच्या अवस्था तपासणाऱ्या मुलाखतीची जोड देऊन. संख्याशास्त्र पक्के असेल आणि जुनी माहिती उपलब्ध असलेल्या गटापर्यंत पुन्हा पोहोचता येत असेल, तर मानसशास्त्र निवडावे. उर्दू किंवा मोडी वाचता येत असेल, तर विषय जातनोंदींकडे वळवून इतिहास घ्यावा. समाजशास्त्र निवडणाऱ्याने क्षेत्रकार्य पावसाळ्यात ठेवावे, कारण दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावात प्रामुख्याने म्हातारी माणसे आणि त्यांच्याकडे शाळेसाठी ठेवलेली मुलेच भेटतात. शिकलेले तरुण सणासुदीलाच गावी येत असतील, तर त्यांच्या मुलाखती ते नोकरी करतात त्या शहरात जाऊन घ्याव्यात.