शिक्का खरा, माल भलताच: फेअर ट्रेडच्या नावाखाली होणारी फसवणूक

ही फसवणूक साधारण अशी होते. ऑनलाइन दुकानात कॉफीचं एक पाकीट दिसतं. त्यावर फेअर ट्रेडचा, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव मिळाल्याची ग्वाही देणारा गोल शिक्का, हसऱ्या शेतकरी बाईचा फोटो आणि ‘तुमच्या प्रत्येक खरेदीतून एका कुटुंबाला आधार’ अशी ओळ. भाव बाकीच्या पाकिटांपेक्षा बराच चढा. ग्राहक चौकस असला तर पुरावा मागतो आणि विक्रेता तत्परतेने प्रमाणपत्राची पीडीएफ धाडतो. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव, क्रमांक, सही, तारीख, सगळं जागच्या जागी. पैसे भरले जातात. पुढे कधीतरी कुणीतरी तो क्रमांक संस्थेच्या यादीत शोधतं, तेव्हा कळतं की प्रमाणपत्र अस्सल आहे, फक्त ते दुसऱ्याच कंपनीचं आहे.

ग्राहक बनावट कागदाच्या धास्तीत असतो. पण बनावट कागद करायला खटाटोप लागतो आणि तो पकडलाही जातो. अस्सल कागद भलत्या मालाला चिकटवणं त्याहून फार सोपं. कधी तो दुसऱ्या कंपनीचा असतो. कधी कंपनी तीच, पण प्रमाणपत्र चहाचं आणि विक्री कॉफीची. कधी मुदत उलटून गेलेली असते. कधी मुदत शिल्लक असते, पण मधल्या काळात संस्थेने प्रमाणपत्र निलंबित केलेलं असतं, आणि हे तर पीडीएफ कितीही बारकाईने वाचली तरी कळणार नाही. म्हणून पीडीएफमधून क्रमांक तेवढा उचलावा आणि बाकी सगळं संस्थेच्या यादीत तपासावं.

फेअरट्रेड चिन्हाचे निकष ठरवणाऱ्या फेअरट्रेड इंटरनॅशनल या संस्थेच्या व्यवस्थेत उत्पादकांना आणि व्यापाऱ्यांना तपासून प्रमाणपत्र देण्याचं काम फ्लोसर्ट ही जर्मनीतल्या बॉन शहरातली कंपनी करते. प्रमाणित उत्पादक संस्थेला आणि व्यापाऱ्याला एफएलओ आयडी हा क्रमांक मिळतो. फ्लोसर्टच्या संकेतस्थळावर तो टाकला की तीन गोष्टी जुळवायच्या: कंपनीचं नाव, कोणता माल, आणि प्रमाणपत्राची सध्याची स्थिती. पाकिटावरचा ब्रँड यादीत सापडला नाही म्हणून लगेच चोर ठरवू नये. बोधचिन्ह वापरण्याचा परवाना ब्रँडला त्या-त्या देशातली फेअरट्रेड संघटना देते, आणि असा ब्रँड स्वतः फ्लोसर्टच्या यादीत असेलच असं नाही. तेव्हा त्या देशातल्या संघटनेला ईमेल करून ‘या ब्रँडच्या या मालाला परवाना आहे का’ एवढंच विचारावं.

यादी योग्य तीच उघडायला हवी. फेअर ट्रेड यूएसए ही संस्था २०११ च्या अखेरीस फेअरट्रेड इंटरनॅशनलमधून बाहेर पडली. तिचं चिन्ह वेगळं, निकष वेगळे, यादीही वेगळी. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन एकेका वस्तूऐवजी अख्खी संस्था दहा तत्त्वांवर तपासते, त्यामुळे हस्तकलेच्या वस्तूंवर तिचं चिन्ह जास्त दिसतं. रेनफॉरेस्ट अलायन्सचं बेडकाचं चिन्ह शेती आणि मजुरांच्या परिस्थितीबद्दल काही निकष लावतं, पण शेतकऱ्याला किमान भावाची हमी देत नाही. बेडूक दाखवून ‘किमान भाव बांधलेला आहे’ असं सांगणारा विक्रेता खोटं बोलतो आहे.

कापडात हीच युक्ती जास्त सफाईने खेळली जाते. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या मानकात दोन निरनिराळी प्रमाणपत्रं असतात. स्कोप सर्टिफिकेट सांगतं की अमुक कारखाना प्रमाणित माल हाताळायला पात्र आहे. ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट सांगतं की अमुक तारखेला अमुक वजनाचा प्रमाणित माल याने त्याला खरोखर विकला. एकाच कारखान्यात सेंद्रिय आणि साधा कापूस दोन्ही कातला जाऊ शकतो, म्हणून पहिल्या कागदावरून हातातल्या कापडाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ग्राहकाला मात्र हटकून पहिलाच दाखवला जातो. घाऊक खरेदी करणाऱ्यांनी, म्हणजे संस्थेसाठी पिशव्या किंवा टी-शर्ट शिवून घेणाऱ्यांनी, ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. सुटी वस्तू घेणाऱ्याने लेबलवर चार गोष्टी पाहाव्यात: जीओटीएसचं चिन्ह, सेंद्रिय धाग्याचा दर्जा, प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक. ‘सेंद्रिय’ दर्जाला किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो, ‘सेंद्रिय धाग्यापासून बनवलेलं’ म्हणायला किमान ७० टक्के. क्रमांक नसलेलं चिन्ह म्हणजे नुसतं चित्र.

क्यूआर कोड स्कॅन केला म्हणजे खात्री झाली, असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएसने जाहीर केलं की भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून चालवला गेला. त्या प्रमाणपत्रांवरचे क्यूआर कोड सरकारी संस्थेच्या हुबेहूब नकली संकेतस्थळावर नेत होते.  म्हणून कोड किंवा विक्रेत्याने पाठवलेली लिंक वापरू नये. संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करून शोध घ्यावा.

काही वेळा शिक्काही खरा, परवानाही खरा, पण भोवती रचलेली गोष्ट खोटी. कोको, साखर, चहा आणि फळांचा रस यांत फेअरट्रेडचे नियम प्रमाणित आणि साधा माल कारखान्यात मिसळू देतात. अट एवढीच की जितका माल शिक्क्याखाली विकायचा, तितक्याच प्रमाणातला प्रमाणित माल विकत घेतलेला असावा. या पद्धतीला मास बॅलन्स म्हणतात. यात वाईट काही नाही. एरवी लहान कोको उत्पादकांसाठी वेगळी यंत्रणा चालवणं परवडलंच नसतं. चिन्हाशेजारी छोटा बाण असेल तर पाकिटाच्या मागे याचा किंवा घटकांच्या टक्केवारीचा खुलासा असतो. तो वाचावा. मास बॅलन्सचं चॉकलेट विकणारा ‘या वडीतला कोको याच गावातून आला’ म्हणत असेल, तर ते त्याला ठाऊक असणंच शक्य नाही.

पैशाचा हिशेब मांडला की आणखी बरंच उघडं पडतं. वॉश्ड (फळाचा गर धुऊन काढलेल्या) अरेबिका कॉफीचा फेअरट्रेड किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पाउंडाला १.८० डॉलर झाला. सेंद्रिय असेल तर वर ४० सेंट. बाजारभाव किमान भावाच्या वर असेल तर बाजारभाव द्यायचा. शिवाय पाउंडामागे २० सेंट प्रीमियम, म्हणजे भावावरची जादा रक्कम, उत्पादकांच्या सहकारी संस्थेला मिळतो, आणि तो कशावर खर्च करायचा ते सभासद मतदानाने ठरवतात. भाजताना बी वजनात घटतं, म्हणून २५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे ३०० ग्रॅम कच्चं बी लागतं, म्हणजे ०.६६ पाउंड. प्रीमियम झाला जेमतेम १३ सेंट. तपासणी आणि परवान्याचा खर्च वेगळा, तो खराच असतो. पण पाकिटामागे दोन-तीन डॉलर जादा लावून ‘वरचे सगळे शेतकऱ्याला’ म्हणणाऱ्याकडे या शिक्क्यापलीकडचा पुरावा असायलाच हवा. ‘नफ्यातले १० टक्के’ हा दावा तर सर्वांत पोकळ. नफा दाखवलाच नाही तर द्यायचं काहीच उरत नाही. प्रीमियम वजनावर ठरतो, व्यापाऱ्याला तोटा झाला तरी तो द्यावाच लागतो.

‘एथिकल’, ‘डायरेक्ट ट्रेड’ (थेट उत्पादकाकडून खरेदी), ‘कारागिराच्या हातचं’ या शब्दांमागे कोणतंही एक सामाईक मानक नाही. तरी शिक्का नाही म्हणून विक्रेता लबाड, असं धरणं अन्यायाचं होईल, कारण प्रमाणपत्राचा खर्च बऱ्याच लहान उत्पादकांना झेपत नाही. प्रामाणिक माणसाला चार प्रश्न विचारा: कोणत्या उत्पादक संस्थेकडून माल घेतला, कोणत्या हंगामाचा, किती वजन, आणि निर्यातीच्या टप्प्यावर काय भाव दिला. आकडे ठेवणारा आकडे देतो. लबाड पुन्हा फोटोच पाठवतो. तो फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहावा. तीच बाई दुसऱ्या देशातल्या साबणाच्या जाहिरातीत कारागीर म्हणून उभी असू शकते.

फसल्याचं लक्षात आल्यावर विक्रेत्याला आधी जाब विचारू नये, कारण मजकूर तासाभरात बदलला जातो. आधी दाव्याच्या पानाचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, पान वेब अर्काइव्हमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, साठवावं, पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे आणि बॅच क्रमांकाचे फोटो काढावेत, बिल आणि पीडीएफ जपून ठेवावी. मग विक्रेत्याकडे लेखी परतावा मागावा. कार्डाने पैसे भरले असतील आणि परतावा नाकारला, तर ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ या कारणाने बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागता येतो. त्याला मुदत असते, तेव्हा विक्रेत्याच्या गोड उत्तरांत आठवडे घालवू नयेत. त्याच वेळी ज्या संस्थेचं चिन्ह वापरलं तिला कळवावं. बोधचिन्हाच्या गैरवापराची तक्रार ग्राहकालाही करता येते. पत्रात विक्रेत्याचं नाव, लिंक, दाखवलेला क्रमांक आणि यादीत त्या क्रमांकापुढे प्रत्यक्षात काय दिसलं, एवढं सलग लिहावं. ज्या कंपनीचं प्रमाणपत्र वापरलं गेलं तिलाही एक प्रत पाठवावी. बहुतेकदा आपला कागद कुठे फिरतो आहे हे तिला माहीतच नसतं.