कोड पुसायचं बटण सगळ्यात शेवटी: सत्तर डॉलरच्या ओबीडी स्कॅनरबद्दल

आमची गाडी २०१२ ची जपानी सेडान, १,३८,००० मैल पळालेली. लेक तीच घेऊन डी अँझा कॉलेजला जाते. मार्चमध्ये डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि त्याच आठवड्यात नोंदणी नूतनीकरणाचं पत्र आलं. त्यावर स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाची तपासणी, करून घ्या असं छापलेलं. कॅलिफोर्नियात हा दिवा पेटलेला असताना गाडी स्मॉगला नेली तर ती नापासच होते.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी पेट्रोल टाकीचं झाकण बदललं, गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड पुसला, दिवा गेला. "आता सरळ स्मॉगला न्या," म्हणाले. मी तशीच नेली आणि गाडी नापास झाली. दिवा बंद होता, गाडी सुरळीत चालत होती, तरी नापास. स्मॉग स्टेशनवरच्या माणसाने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला: कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर, एव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा), तिन्हींपुढे 'अपूर्ण'. कोड पुसला की गाडीच्या संगणकाची पाटी कोरी होते. प्रदूषण रोखणारे भाग नीट काम करतात की नाही याच्या ज्या चाचण्या गाडी स्वतःच्या स्वतः घेत असते, त्या सगळ्या पहिल्यापासून सुरू होतात. त्यांना इथे मॉनिटर म्हणतात. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांची इथली तपासणी मुख्यतः याच संगणकाला जोडून होते. आपल्याकडे पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालतात तशी घालत नाहीत. त्यामुळे पाटी कोरी असली तर तपासायला हातात काही उरत नाही. अशा गाड्यांना फक्त एव्हॅप अपूर्ण असलेला चालतो, बाकी सगळं पूर्ण लागतं.

नवव्या दिवशी दिवा परत लागला. दुसऱ्या गॅरेजने चारकोल कॅनिस्टरसकट (वाफ साठवणारा कोळशाचा डबा) सगळं बदलायचा ११०० डॉलरचा अंदाज दिला. कशाच्या आधारावर, ते मात्र सांगितलं नाही. त्या रात्री मी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले कोड वाचणारं यंत्र, मागवला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच धर्तीचे स्कॅनर चार-पाच कंपन्यांचे मिळतात. घेताना तीन गोष्टी बघा. फ्रीझ फ्रेम (दिवा लागला त्या क्षणी गाडीचा संगणक टिपून ठेवतो ते आकडे) आणि चालू आकडे (इंजिन चालू असतानाचे) वाचता आले पाहिजेत, रेडिनेससाठी, म्हणजे मॉनिटर पूर्ण झाले की नाही ते बघायला, वेगळं बटण पाहिजे आणि पर्मनंट कोड (स्कॅनरने न पुसले जाणारे) दिसले पाहिजेत. माझा हातात धरायचा, वायरवाला आहे. शेजारच्या काकांचा ब्लूटूथवाला आधी दोन दिवस वापरला होता. फोनशी त्याचं कनेक्शन सारखं तुटायचं, म्हणून मी वायर निवडली. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, १६ पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक कारला ते आहे. त्यात खोचलं की स्कॅनरला वीजही तिथूनच मिळते, सेल लागत नाहीत.

पहिल्यांदा लावला तेव्हा कोड आला पी०४४२: एव्हॅपमध्ये छोटी गळती. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवतात आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती इंजिनात जाळतात. या सगळ्या वाटेला मिळून एव्हॅप म्हणतात. गळती झाकणाशी असू शकते, नळीत, डब्यात किंवा व्हॉल्व्हमध्ये. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं, आणि तिथे या यंत्राचा खरा उपयोग झाला.

एक गोष्ट माझ्या लक्षात होती. पेट्रोल भरून निघताना गाडी पहिल्या फटक्यात चालू व्हायची नाही, दोनदा कुंथायची, मग पकडायची. मी चालू आकड्यांमध्ये फ्युएल ट्रिम लावून बसले. हवेच्या हिशेबाने पेट्रोल कमी करावं लागतंय की वाढवावं लागतंय, ते हा आकडा टक्क्यांत दाखवतो. शून्याच्या आसपास असला की सगळं ठीक, उणे असला की पेट्रोल कमी करावं लागतंय. टाकी भरून पंपाच्या बाहेर बाजूला उभी राहिले तेव्हा आकडा उणे १६ होता. दोन दिवसांनी, टाकी खाली आल्यावर, उणे ३. म्हणजे टाकी भरली की इंजिनात न मागितलेली वाफ घुसत होती. जो पर्ज व्हॉल्व्ह बंद असायला हवा तो पुरता बंद होत नव्हता.

रविवारी सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडलं. आमच्या गाडीत व्हॉल्व्ह वरच, हाताशी आहे: एक १० मिलिमीटरचा बोल्ट, दोन नळ्या, एक प्लग. पंधरा मिनिटांत बाहेर आला. काळं प्लास्टिक, मुठीत मावेल एवढा, पेट्रोलचा उग्र वास. वीज नसताना हा व्हॉल्व्ह घट्ट बंद असायला हवा. त्याच्या तोंडाला स्वच्छ नळीचा तुकडा लावून फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाला धरलेल्या बोटाला हवा लागली, अगदी बारीक, पण सलग. लेकीलाही करायला लावलं. "आई, लागते गं हवा!" तिने बोट पुन्हा पुन्हा लावून बघितलं. नव्या व्हॉल्व्हला फुंकर मारली तर गाल फुगले, हवा अजिबात गेली नाही. तो ४८ डॉलरला आला.

तेव्हा कुठे कोड पुसायचं बटण दाबलं. त्याआधी फ्रीझ फ्रेमचे फोटो काढून ठेवले होते. पुसलं की तेही जातात.

पुढचं प्रकरण बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१० आणि त्यानंतरच्या गाड्यांमध्ये पर्मनंट कोड असतो. तो स्कॅनरने पुसला जात नाही, बॅटरी काढूनही जात नाही. बिघाड दुरुस्त झालाय याची खात्री गाडीला स्वतःला पटली तरच तो जातो. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून स्मॉगला हाही बघतात. त्यातून एकच वाट आहे: कोड पुसल्यापासून गाडी किमान २०० मैल चालली असेल आणि इंजिन १५ वेळा थंडाचं गरम झालं असेल, तर पर्मनंट कोड असला तरी त्यासाठी नापास करत नाहीत. हे दोन्ही आकडे स्कॅनरच्या चालू आकड्यांत दिसतात. माझ्या यंत्रात अंतर किलोमीटरमध्ये येतं, म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावली होती: ३२२ आणि १५.

मॉनिटर पूर्ण करायला गाडी ठरावीक पद्धतीने चालवावी लागते, त्याला ड्राइव्ह सायकल म्हणतात. प्रत्येक गाडीची वेगळी असते. आमची कंपनीच्या सर्व्हिस माहितीत मिळाली. गाडी रात्रभर उभी. टाकी अर्धी. सकाळी साडेसहाला चालू करून, पाय न लावता, तीन मिनिटं तशीच ठेवली. मग गल्लीबोळातून सिग्नल घेत कुपर्टिनोला आणि तिथून २८० हायवेने उत्तरेला. रविवारी त्या वेळी रस्ता मोकळा असतो. उजव्या लेनमध्ये ५५ मैलांवर क्रूझ लावला आणि तसाच सोडला: पेज मिल, सँड हिल, वूडसाइड. डोंगरउतारावर धुकं होतं. मागून येणारे ओलांडून जात होते, जाऊ दिलं. एजवूड रोडच्या एक्झिटला ब्रेक न मारता पाय काढून वेग आपोआप उतरू दिला, कारण काही चाचण्या नेमक्या याच वेळी होतात. गाडी बाजूला नीट उभी करून बटण दाबलं. ऑक्सिजन सेन्सर पूर्ण, त्याचा हीटर पूर्ण, कॅटॅलिस्ट पूर्ण. निघताना हे तिन्ही अपूर्ण होते. मला तिथे इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं. चालवताना मात्र पडद्याकडे अजिबात बघू नका. बघायचंच असेल तर बरोबर कोणी बसवा.

एव्हॅपने फार वाट पाहायला लावली. चूक माझीच होती: मधल्या काळात टाकी काठोकाठ भरली. ही चाचणी टाकी साधारण पाव ते पाऊण असतानाच होते, शिवाय गाडी आठ-एक तास उभी राहिलेली लागते आणि फार थंडी किंवा उकाडा चालत नाही. चार सकाळी काही झालं नाही. पाचव्या दिवशी लेक कॉलेजला गेली, संध्याकाळी येऊन लावून बघितलं तर एव्हॅप पूर्ण. आणखी दोन दिवसांनी पर्मनंट कोडचं पान रिकामं. अंतर तेव्हा ३४० किलोमीटर झालं होतं, पण त्या सवलतीची गरजच पडली नाही. स्मॉगला नेली, दहा मिनिटांत पास.

यंत्रात उणिवा आहेत. एबीएस आणि एअरबॅगचे कोड वाचत नाही, त्यासाठी महाग यंत्र लागतं. व्हॉल्व्हला स्कॅनरवरून उघड-बंद करता येत नाही. तसं असतं तर फुंकर मारायची वेळ आली नसती. माहितीपुस्तिका चार पानांची आणि अपुरी. आलेख हळू चालतो. पण मला हवं होतं ते त्याने चोख केलं.

ज्यांच्याकडे नवी, वॉरंटीतली गाडी आहे त्यांनी घ्यायची गरज नाही. आठ वर्षांपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना इथे दर दोन वर्षांचा स्मॉगही नसतो. त्याहून जुनी गाडी असेल तर जरूर घ्या. आणि दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनर शोधत बसू नका, गाडी थांबवा. तो मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा, इशारा आहे, तसंच चालवत राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. कॅलिफोर्नियात तो कार्बची (राज्याच्या हवा मंडळाची) मान्यता असलेलाच बसवावा लागतो आणि किंमत ऐकून पोटात गोळा येतो.

सध्या स्कॅनर शेजारच्या काकांकडे आहे. त्यांच्या व्हॅनला पी०४२० (कॅटॅलिस्ट नीट काम करत नाही) आलाय आणि त्यांनाही कोणी तरी थेट कन्व्हर्टरच बदलायला सांगितलंय. देताना मी एवढंच म्हटलं, "काका, आधी फोटो काढा, पुसायच्या बटणाला हात लावायच्या आधी मला फोन करा."