आवाज कमी पडतो म्हणून नवा रिसीव्हर? 5.1 सेटच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

होम थिएटरचा सेट असा: चॅनेलमागे, म्हणजे एकेका स्पीकरमागे, 80 वॅट सांगणारा एंट्री-लेव्हल रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारं यंत्र), पुढे 86 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे 6 ओहमचे दोन बुकशेल्फ स्पीकर, त्याच मालिकेतला संवादांचा सेंटर, भिंतीवर दोन सराउंड आणि 10 इंची सबवूफर. हॉल 12 बाय 15 फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, सोफा स्पीकरपासून तीन मीटरवर. सुरुवातीची तक्रार ठरलेलीच: व्हॉल्यूम 70 वर नेला तरी दणका नाही, संवाद तर कळतच नाहीत. आता सिनेमा 60-65 वर आरामात बघून होतो. रिसीव्हर तोच आहे, स्पीकरही तेच.

आधी थोडं गणित. 86 डेसिबलचा स्पीकर 1 वॅटवर एक मीटर अंतरावर साधारण 86 डेसिबल देतो. 80 वॅटने त्यात 19 डेसिबल वाढतात, तीन मीटरवर बसलं की बंद खोलीत सात-एक कमी होतात. म्हणजे कानाशी सुमारे 98. थिएटरच्या रेफरन्स पातळीला (सिनेमा ज्या ठरलेल्या आवाजात ऐकवायचा असतो ती) एका चॅनेलचा पीक, म्हणजे क्षणभराचा सर्वात मोठा आवाज, 105 लागतो, तो या सेटला झेपणार नाही. पण घरात रेफरन्सवर कोणी ऐकत नाही. त्याच्या 15 डेसिबल खाली ऐकलं तर पीक 90 वर येतो, आणि त्यासाठी जेमतेम 13 वॅट पुरतात. पाचही चॅनेल एकदम चालले की 80 चा आकडा बराच घसरतो (तो दोनच चॅनेल चालवून मोजलेला असतो), तरीही 13 वॅट मिळतातच. थोडक्यात, इथे वॅटची चणचण नव्हती.

आवाज गळत होता तो पहिल्यांदा टीव्हीत. टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटपुटला पीसीएम (टीव्हीनेच उलगडलेला साधा डिजिटल आवाज) निवडलेलं असलं की एआरसीवरून (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) दोनच चॅनेल येतात. रिसीव्हर स्टीरिओ मोडमध्ये असेल तर सेंटर आणि सराउंड चक्क गप्प बसतात. टीव्हीत पास-थ्रू (आवाज आहे तसा पुढे पाठवणं) किंवा ऑटो निवडा आणि रिमोटवरचं इन्फो बटण दाबून रिसीव्हरला नक्की काय पोचतंय ते वाचा. सेट-टॉप बॉक्सचा स्वतःचा व्हॉल्यूम असतो, तो कायम फुल ठेवा. ब्लूटूथने गाणी लावताना फोनचाही. तरीही एखादा इनपुट मुळातच मंद असेल तर मेनूमधल्या सोर्स लेव्हलमध्ये त्या इनपुटपुरते चार-पाच डेसिबल वाढवता येतात. याच मेनूत कमाल व्हॉल्यूमची मर्यादा लावलेली असते. सेट बसवणारा माणूस कधी कधी ती −20 वर, म्हणजे रेफरन्सच्या 20 डेसिबल खाली, ठेवून जातो आणि घरचे सहा महिने रिमोटला दोष देतात.

गाणी 45 वर दणकतात आणि सिनेमा 60 वर जातो, यात मात्र बिघाड काही नाही. नेटफ्लिक्स संवादाची सरासरी पातळी −27 डेसिबल (शून्याच्या जितकं खाली, तितका आवाज मंद) ठेवायला लावतं, स्पॉटिफाय गाणी −14 च्या आसपास आणतं. फरक 13 डेसिबलचा. व्हॉल्यूमच्या आकड्याला बिचकू नका. डेनन-मरान्ट्झच्या 0 ते 98 च्या पट्टीवर 80 म्हणजे रेफरन्स, त्यामुळे 60-65 म्हणजे यंत्र ताणलंय असं अजिबात नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो सेंटरने. तो शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला होता, त्यामुळे आवाज कप्प्यातच घुमायचा आणि ट्वीटरचा (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचा) रोख गुडघ्यांकडे. आता तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला आहे, एखादा सेंटिमीटर बाहेरच, आणि पुढच्या कडेखाली दाराचे दोन रबरी स्टॉपर सारले आहेत, म्हणजे तोंड कानाकडे वळतं. मग सेंटरची लेव्हल +2 डेसिबल. त्यापुढे नेलं तर माणसं कपाटात बसून बोलताहेत असं वाटतं. समोर 5 बाय 7 चा गालिचा आणि खिडकीला जाड पडदा आला तसा टाइल्सवरचा घुमारा कमी झाला. आवाज मोठा नव्हे, स्वच्छ हवा होता. शब्द कळायला लागले की हात रिमोटकडे जात नाही.

कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकने आवाज मोजून स्पीकरच्या सेटिंग लावतो ते) करताना पंखा आणि एसी बंद. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला ठेवा. नंतर निकाल तपासायचाच, कारण बुकशेल्फना लार्ज, म्हणजे खालचा बेसही पेलणारे, ठरवायची या यंत्रांना खोड असते. स्मॉल करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झ. खालचा बेस सबकडे गेला की रिसीव्हरवरचा मोठा भार उतरतो आणि वरच्या व्हॉल्यूमला आवाज फाटत नाही. सबचा ट्रिम (रिसीव्हरने त्याला लावलेली पातळी) −12 ला जाऊन अडकला असेल तर सबच्या मागचा नॉब फार उघडा आहे; थोडा मिटवून पुन्हा मोजा.

वायरबद्दल बाजारात बरंच पुराण ऐकवतात. 0.5 चौरस मिलिमीटरची बारीक वायर 10 मीटर ओढली तर 6 ओहमच्या स्पीकरवर साधारण 1 डेसिबल जातो. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने तोच तोटा 0.3 वर येतो. महागडी सोनेरी वायर त्यापुढे काही देत नाही. प्लस-मायनस मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पुढच्या दोनपैकी एक उलटा लागला तर बेस एकमेकांना खातो आणि आवाज पोकळ होतो. शंका असेल तर रिसीव्हरकडची दोन्ही टोकं सोडवा आणि 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावा: सेलचा प्लस प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. सोलताना 10-12 मिलिमीटरच सोला, तारा पिळून घ्या. एकच केसासारखी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि लाल दिवा लुकलुकत राहतो.

बंद कपाटात ठेवलेला रिसीव्हर तापूनही असाच बंद पडतो. वर किमान 10 सेंटिमीटर मोकळं हवं. सिनेमाच्या वेळी वीज वाचवणारा इको मोड बंद. इम्पिडन्सची (स्पीकरच्या ओहमची) सेटिंग असेल तर ती उगाच 4 ओहमवर नेऊ नका, त्याने व्होल्टेज आणि पर्यायाने आवाज कमी होतो.

एवढं करूनही कमी वाटलं तर पैसे कुठे घालायचे? दुकानात 100 वॅटचं मॉडेल पुढे करतील. 80 वरून 100 म्हणजे वाढ 1 डेसिबलसुद्धा नाही. 92 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घेतले तर त्याच रिसीव्हरवर 6 डेसिबल, म्हणजे चौपट वॅट वाढवल्यासारखं. वेगळा पॉवर अँप लावायचा विचार असेल तर आधी रिसीव्हरच्या मागे फ्रंटचे प्री-आउट (बाहेरच्या अँपला सिग्नल देणारे सॉकेट) आहेत का बघा. या किमतीत बहुधा फक्त सबचाच असतो, आमच्या यंत्रालाही तेवढाच आहे.