कलरब्रूअर: स्लाइडवरच्या नकाशांचे रंग इथूनच घ्या

भूजलावरच्या माझ्या स्लाइडमध्ये नकाशे भरपूर असतात आणि त्यांचे रंग मी कलरब्रूअरवरूनच घेते. सिंथिया ब्रूअर या अमेरिकी नकाशातज्ज्ञ प्राध्यापिकेने तयार केलेली ही साइट फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. नकाशातले आकडे किती वर्गांत, म्हणजे गटांत, वाटायचे ते सांगायचं. मग आकडे चढते आहेत, सरासरीच्या दोन्ही बाजूंना जाणारे आहेत की नुसते प्रकार दाखवायचेत, ते निवडायचं, की साजेशा रंगमाला म्हणजे रंगछटांचे संच समोर येतात.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती रंगांधांसाठीची सोय. त्यासाठीच्या चौकोनात टिचकी मारली की त्यांना न कळणाऱ्या रंगमाला गायब होतात. लाल-हिरव्यात गल्लत होणारा कुणी ना कुणी सभागृहात असतोच, त्याला आपला निष्कर्ष दिसायलाच हवा! पावसाची तूट-वाढ मी तपकिरी आणि निळसर हिरव्या जोडीत दाखवते. सरासरीजवळचे जिल्हे फिकट राहतात, टोकाचे लगेच नजरेत भरतात.

मात्र चढत्या मालेतली पहिली पिवळसर छटा प्रोजेक्टरवर पांढरी पडते. एक वर्ग जास्त मागून ती सोडून द्यावी. छटा नऊपर्यंत मिळतात, पण पाचाच्या पुढे लोक नकाशाशेजारच्या रंगसूचीशी रंग जुळवत बसतात आणि आपलं बोलणं राहून जातं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर या रंगमाला त्यात आधीपासूनच आहेत.