नवं कॉम्पॅक्ट एअर पिस्तूल: ट्रिगरला आधी बसू द्या, मग हात लावा

दिवाळीत घेतलेल्या पिस्तुलाबद्दल आता, पावसाळा सरताना लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात विक्रेत्याच्या मेकॅनिकशी पुन्हा वाजलं. ‘मॅडम, सिअर पॉलिश करवा लो, मक्खन हो जाएगा,’ हे मी त्याच्याकडून पहिल्या दिवसापासून ऐकतेय. (सिअर म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत शॉट अडवून धरणारा आतला खटका.) त्या कामाचे तो जे पैसे मागतो, त्यात छर्‍यांचे कितीतरी डबे येतील. शिवाय ट्रिगर युनिट उघडलं की वॉरंटी संपली, हे तो आपणहून सांगत नाही. मला ते कार्डावरच्या बारीक अक्षरांत वाचावं लागलं.

बॅरल, ग्रिप, सिलिंडर याबद्दल तक्रार नाही. ग्रुप छान बसतो, म्हणजे शॉट एकमेकांजवळ पडतात. आखूड नळीमुळे पुढचा भार कमी आहे आणि माझ्या मनगटाला तो मानवतो. माझं सगळं भांडण ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याशी.

ट्रिगर मेकॅनिकल आहे, दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा सलग मागे यावा, मग भिंत लागावी, म्हणजे बोटाला स्पष्ट अडथळा जाणवावा, आणि तिथे दाब किंचित वाढला की शॉट सुटावा. माझ्याकडे पहिल्या टप्प्याच्या मध्यावर बारीक खरखर होती, बोटाखाली वाळूचा कण आल्यासारखी. रेंजवर ज्यांच्या हातात दिलं त्यातल्या निम्म्यांना ती जाणवलीच नाही. मला मात्र प्रत्येक शॉटला जाणवायची. स्पर्धेत दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, पिस्तूल एका हाताने धरायचं असतं आणि 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात. त्या खरखरीपाशी बोट थबकलं की माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, हलते, आणि एकदा हललेली माशी मनातूनही हलते.

इंदूरला राहण्याचा एक फायदा म्हणजे महू जवळ आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये 2012 साली पिस्तूल नेमबाजीत रौप्य जिंकणारे विजय कुमार तेव्हा तिथल्याच आर्मी मार्क्समनशिप युनिटचे, म्हणजे लष्कराच्या नेमबाजी पथकाचे, होते. महूहून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्या रेंजवर येतात. त्यांनी ट्रिगर चार-पाच वेळा दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘ताई, याला आत्ता कुणाला उघडू देऊ नका. आधी भरपूर ड्राय मारा, छर्‍याविना नुसता ट्रिगर दाबा.’

त्यांचं म्हणणं असं: एकमेकांवर घासणार्‍या भागांवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक रेघा राहिलेल्या असतात, त्या वापरानेच मोडतात. सिअरचा कडक केलेला थर पातळ असतो. पॉलिशच्या नावाखाली तो उतरला की आतला मऊ पोलाद उघडा पडतो आणि मग ट्रिगर दर महिन्याला वेगळा लागतो. आमच्याकडच्या एका मुलाचं पिस्तूल असंच ‘मक्खन’ करून आलं होतं. आता त्याची भिंत कधी लागते, कधी लागतच नाही.

मग रोज संध्याकाळी ड्राय. या पिस्तुलांना ड्राय फायरची सोय असते, त्यात हवा जात नाही, छर्रे लागत नाहीत. बैठकीतल्या कोर्‍या भिंतीकडे तोंड करून नुसतं ट्रिगरिंग. पैसा खर्च न होता होणारा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

जानेवारीत मी हे लिहिलं असतं तर ‘घेऊ नका’ असंच लिहिलं असतं. सकाळच्या गारठ्यात खरखर उलट वाढली होती. फाल्गुनात ऊन तापलं तशी ती कमी होत गेली आणि एका संध्याकाळी लक्षात आलं की बोट थबकतच नाही. त्या दिवशी झालेला आनंद अजून ताजा आहे. आज मला वाटतं, त्यातला बराच भाग थंडीत घट्ट होणार्‍या कारखान्याच्या ग्रीसचा होता आणि उरलेला त्या रेघांचा.

पण खरी गोष्ट नंतर कळली. स्पर्धेच्या नियमानुसार एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम वजन पेलावं लागतं: नळी वर उभी धरायची, ट्रिगरला वजन अडकवून उचलायचं, शॉट सुटता कामा नये. स्पर्धा संपल्यावरही काही जणांची तपासणी होते आणि तिथे नापास झालात तर थेट बाद. हे तपासायचं गेज विकत घेण्याऐवजी मी वाण्याकडून शिक्क्याचं अर्ध्या किलोचं वजन आणलं आणि तारेने अडकवलं. नवं असताना ते आरामात उचललं जायचं. गुढीपाडव्याच्या सुमारास सुटायला लागलं. तारेचा भार धरला तर वजन 500 च्या थोडं वर जातं, म्हणून रेंजवरच्या अधिकृत वजनावर तपासलं. तिथे जेमतेम पेललं. भाग बसत गेले तसा ट्रिगर आपोआप हलका झाला होता. पहिल्याच आठवड्यात कुणी तो काटेकोर 500 वर आणून दिला असता, तर आज तो नियमाबाहेर असता. वजनाचा स्क्रू अगदी थोडा आवळला, काम झालं.

गेल्या आठवड्यात मेकॅनिकने आता स्प्रिंग बदलायचा आग्रह धरला. मी म्हटलं, कुठल्या भागाला हात लावणार ते बिलावर लिहून द्या. ते त्याने दिलं नाही, मीही पिस्तूल दिलं नाही.

आता बदल करायचे तर स्क्रूंचेच. माझी बोटं लहान, म्हणून ट्रिगर शू, म्हणजे बोट टेकतं तो भाग, थोडा मागे घेतलाय. ओव्हरट्रॅव्हल, म्हणजे शॉट सुटल्यावर ट्रिगर आणखी मागे जातो तो भाग, मात्र अजून तसाच ठेवलाय. येत्या थंडीत खरखर परत येते का, ते आधी पाहायचं आहे.